एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचं घर. दोन पावसाळ्यांपूर्वी काकू न्हाणीघरातून ओरडतच बाहेर आली. बंबाच्या जागी नवा गीझर बसवला होता आणि नळाला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. वायरमन आला, बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "काकी, एमसीबी आहे ना, काय होत नाही." हे वाक्य मी आमच्याकडे इतक्या घरांत ऐकलंय, की राहवत नाही म्हणून लिहितोय.

एमसीबी आणि आरसीसीबी हे दोन खटके, बोर्डात शेजारीशेजारी बसतात आणि दिसायलाही सारख्याच. एमसीबी बघते ती एकच गोष्ट: तारेतून करंट किती जातोय. भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की ती पडते, म्हणजे खटका खाली येऊन वीज तोडतो, आणि तार तापून आग लागत नाही. सारखी पडते म्हणून १६ अँपिअरची काढून ३२ ची बसवणारे वायरमन आहेत, त्यांना घरात घेऊ नका. तार जुनीच राहते, आणि ती वितळायला लागली तरी खटका जागचा हलत नाही.

आरसीसीबीला भाराशी देणंघेणं नाही. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत आला का, हा तिचा हिशोब. ३० मिलिअँपिअरचा (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) फरक पडला की क्षणात खट्! हरवलेला करंट ओल्या भिंतीतून गेला असेल, नाहीतर माणसाच्या अंगातून.

ओल्या अंगाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सुमारे १००० ओहम धरा. २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर जातील. हृदय बंद पाडायला एवढे पुष्कळ झाले, आणि पन्नासेक वॅटचा बल्बही तेवढाच करंट घेतो. घरात बल्ब लागलाय का माणूस चिकटलाय, हे एमसीबीला कळायला मार्गच नाही.

"पण अर्थिंग केलंय की!" केलं असेल, म्हणजे गळती जमिनीत नेणारी तार पुरली असेल, पण कशात? आमच्याकडे दोन हात खणलं की पहार जांभ्यावर वाजते. मे महिन्यात तर त्या खड्ड्यात ओल म्हणून नसते. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि गीझरच्या पत्र्याला फेज लागला. जमिनीत जाणार साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी पडणारच नाही, पत्र्यात करंट तसाच राहणार. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र तिथल्या तिथे पडेल. कातळावरच्या घराला ती लागतेच, हे मी ठामपणे सांगतो. तरी अर्थिंग सोडू नका. ते नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत आरसीसीबीला गळतीचा पत्ताच लागत नाही.

एकीचं काम दुसरी करत नाही, म्हणून दोन्ही हव्यात. तरी कोरड्या फळीवर उभं राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात, तर आरसीसीबीसुद्धा वाचवू शकत नाही, कारण गेलेला करंट तेवढाच परत येतो.

तुमच्या बोर्डात ती आहे का बघायचं तर 'टी' लिहिलेलं छोटं बटण शोधा. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला नाही तर आरसीसीबी बदलून घ्या.

आम्ही ती बसवली आणि दुसऱ्याच दिवसापासून पडायला लागली. तोच वायरमन म्हणाला, "पावसात असंच होतं, काढून टाकूया." काकूने काढू दिली नाही. सगळ्या एमसीबी खाली केल्या, आरसीसीबी वर केली, मग एकेक एमसीबी उचलत गेलो. (सगळ्या खाली असतानाही ती पडली, तर दोष न्यूट्रलमध्येही असू शकतो, तो वायरमननेच शोधायचा.) चौथी उचलली आणि खट्. चौथी गीझरची होती. खोलून बघितला तर आतली कॉइल उभी चिरलेली, आणि टाकीतलं पाणी थेट तारेला भिडलेलं.