आणीबाणीचा कॉल, टॉवर आणि नकाशावरचं वर्तुळ

लँडलाइनवरून आणीबाणीचा कॉल आला, की नंबरावरून पत्ता लगेच निघायचा. तार ज्या घरात गेली आहे, तेच ठिकाण. मोबाइलने ही सोय घालवली. कॉल करणारा आता महामार्गावर असतो, जंगलातल्या पायवाटेवर असतो, नाहीतर अनोळखी इमारतीच्या सातव्या मजल्यावर, आणि आपण नेमके कुठे आहोत हे पुष्कळदा त्यालाच सांगता येत नाही. इकडे वेळ थांबत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मोबाइल नेटवर्कला आपसूक कळतं ते एवढंच, की फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या अँटेनाशी जोडलेला आहे. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. दाट शहरात अशा एका पट्ट्याचा पल्ला काहीशे मीटर असतो, मोकळ्या माळावर कित्येक किलोमीटर. संदेश जायला-यायला लागणाऱ्या वेळेवरून टॉवरपासूनचं अंतर काढता येतं, पण तेही पायऱ्यापायऱ्यांनी: जुन्या टूजी नेटवर्कमध्ये एक पायरी सुमारे ५५० मीटरची, फोरजीमध्ये सुमारे ७८ मीटरची. हाती येते ती एक कमान. माणूस त्या कमानीवर कुठे आहे, हे त्यातून कळत नाही. त्यातच पाण्याच्या काठावरचा किंवा उंचावरचा फोन जवळचा टॉवर सोडून समोरच्या तीरावरच्या टॉवरला जोडला जातो, आणि मग शोध भलत्याच बाजूला सुरू होतो.

खरं तर फोनला स्वतःची जागा नेटवर्कपेक्षा कितीतरी चांगली ठाऊक असते. ती आणीबाणीचे कॉल घेणाऱ्या नियंत्रण कक्षापर्यंत न्यायची कशी, एवढाच प्रश्न होता. 'ॲडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन', म्हणजे एएमएल, हे त्याचं उत्तर. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये ते पहिल्यांदा वापरात आलं. अँड्रॉइडमध्ये अशी सोय २०१६ पासून आहे, आयफोनमध्ये २०१८ पासून. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. डायल केलेला नंबर आणीबाणीचा आहे हे फोन ओळखतो, लोकेशन बंद असलं तरी तेवढ्यापुरतं सुरू करतो, उपग्रह, वाय-फाय आणि टॉवर यांतून मिळेल ती सर्वांत चांगली जागा साधारण २० सेकंदांच्या आत ठरवतो आणि एका अदृश्य एसएमएसने किंवा इंटरनेटवरून पाठवून देतो. काम झालं, की लोकेशन पुन्हा पहिल्यासारखं. अर्थात ते ठिकाण स्वीकारण्याची व्यवस्था त्या देशातल्या नियंत्रण कक्षाकडेही असावी लागते. नसेल, तर फोन कितीही नवा असून उपयोग नाही.

एसएमएसच्या त्या १६० अक्षरांत अक्षांश-रेखांश तर असतातच. शिवाय जागा किती मीटरच्या त्रिज्येत चुकू शकते, त्या त्रिज्येवर किती टक्के भरवसा, जागा कोणत्या पद्धतीने काढली आणि कधी काढली, हेही असतं. आमच्या मते अक्षांश-रेखांशाइतकंच मोल या चार गोष्टींना आहे, आणि नेमक्या याच पडद्यावर दिसत नाहीत.

पुष्कळ सॉफ्टवेअर नकाशावर नुसती एक टाचणी टोचतात. टाचणी पाहिली, की माणसाला ती अचूकच वाटते. पण '३० मीटर, भरवसा ६८ टक्के' याचा अर्थ दर तीनांतला जवळजवळ एक कॉल त्या ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या बाहेरचा असतो. तीच जागा ९५ टक्के भरवशाने दाखवायची, तर वर्तुळ सुमारे ५० मीटर त्रिज्येचं काढावं लागेल, आणि दाट वस्तीत तेवढ्यात चार-पाच इमारती मावतात. म्हणून टाचणीऐवजी वर्तुळ काढावं, आणि सगळ्या कॉलांची वर्तुळं एकाच टक्केवारीवर आणून काढावीत. वेळही तितकीच महत्त्वाची. ताशी ७२ किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे २० सेकंदांपूर्वीची जागा ४०० मीटर मागे राहिलेली असते. महामार्गावर 'कोणत्या दिशेने चालला होतात?' हे विचारावंच लागतं. रस्त्याच्या चुकीच्या अंगाला पोचलेल्या ॲम्ब्युलन्सला वळायला पुढचा फाटा गाठावा लागतो.

पद्धतीची नोंदही वाचायला हवी. उपग्रहांचे संदेश काँक्रीटच्या आत फारसे पोचत नाहीत, म्हणून घरात फोन आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून अंदाज बांधतो. कोणता राउटर कुठे आहे याची यादी आधीच तयार असते. घर बदलताना कुणी राउटर सोबत नेला, तर यादी ताजी होईपर्यंत फोन जुनाच पत्ता दाखवू शकतो.

उंचीचं गणित आणखी किचकट. अमेरिकेतल्या नियमाने ८० टक्के कॉलांमध्ये उंची ३ मीटरच्या आत बरोबर यावी लागते. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, म्हणून फोनमधला वायुदाबमापक हे करू शकतो, पण ३ मीटर म्हणजे दाबात जेमतेम ०.३६ हेक्टोपास्कलचा फरक. हवामान बदललं, की एका दिवसात दाब याच्या कितीतरी पट हलतो. हवेचा दाब मोजणाऱ्या जवळपासच्या संदर्भ केंद्राशी सतत ताळा घेतला नाही, तर तिसरा मजला पाचवा होतो. शिवाय येणारा आकडा मीटरमध्ये असतो. तो कितवा मजला, हे त्या इमारतीची माहिती असल्याशिवाय सांगता येत नाही.

सिमकार्ड नसलेल्या फोनवरून अनेक देशांत आणीबाणीचा कॉल लागतो, पण एसएमएस जात नाही आणि उलट फोनही करता येत नाही. स्वतःच्या कंपनीची रेंज नसताना दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून लागलेल्या कॉलचंही हेच. रोमिंगवर असताना एसएमएस आधी फोनच्या मूळ देशातल्या यंत्रणेकडे जायला निघतो, म्हणून परदेशी पाहुण्यांसाठी इंटरनेटचा मार्ग लागतो. आणि तोंडी आकडे सांगताना होणारा घोटाळा वेगळाच. अक्षांश ४०.३० अंश हे कुणी '४० अंश ३० मिनिटे' असं लिहून घेतलं, की गाडी २२ किलोमीटर चुकलीच.

ठिकाण पक्कं झाल्यावर गाडी निवडायची. ती सरळ रेषेत सर्वांत जवळची असून भागत नाही. मधे नदी, रेल्वेमार्ग किंवा एकेरी रस्ता असला, तर लांबची गाडी आधी पोचते. त्यामुळे गाड्यांची ताजी जागा आणि रस्त्यावर लागणारा वेळ, दोन्ही हवेत. स्टॉकहोममध्ये तर छातीदाब शिकलेल्या स्वयंसेवकांचे मोबाइल शोधून, रुग्णापासून ५०० मीटरच्या आत असलेल्यांना बोलावून पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ॲम्ब्युलन्स येण्याआधी छातीदाब मिळालेल्या रुग्णांचं प्रमाण ४८ वरून ६२ टक्क्यांवर गेलं. जीव वाचण्यातला फरक मात्र त्या चाचणीत संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याइतका नव्हता, हेही सांगायला हवं.

काही कक्ष एसएमएसने एक लिंक पाठवतात. ती उघडून परवानगी दिली, की कॉल करणाऱ्याचा कॅमेरा कक्षात दिसतो. रुग्णाचा श्वास चालू आहे की तो नुसता आचके देतोय, हे फोनवरच्या वर्णनापेक्षा डोळ्यांना लवकर कळतं. मात्र लिंक उघडण्याच्या नादात छातीदाब थांबता कामा नये. दोनच हात असलेल्या एकट्या माणसाला ती पाठवूच नये.

सोय वाढली, तसे चुकीचे कॉलही वाढले. अपघात ओळखून आपोआप कॉल करणारे फोन २०२२ नंतर स्कीइंगच्या उतारांवरून आणि रोलर कोस्टरवरूनही मदत मागू लागले. पॉवरचं बटण पाचदा दाबल्यावर लागणारा कॉल खिशातल्या खिशातही लागतो. चुकून असा कॉल लागला, तर घाबरून तो तोडू नये, 'चुकून लागला' एवढं सांगावं. कॉल तुटला, तर कक्षाला उलट फोन लावावा लागतो, उत्तर आलं नाही, की ठिकाण तपासून गाडी पाठवायची की नाही ते ठरवावं लागतं, आणि तोवर खरा कॉल रांगेत थांबलेला असतो.