रक्तवाहिन्यांचे विकार व शस्त्रक्रिया

हृदयाबाहेरच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) व नीला (हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या) अरुंद होणे, बुजणे, फुगणे किंवा त्यांत गुठळी अडकणे यांतून उद्भवणारे आजार आणि त्यांवरील उपचार. हृदयाच्या व मेंदूच्या आतल्या वाहिन्या सोडल्या, तर बाकी शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्या व्हॅस्क्युलर सर्जनच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाच्या, अखत्यारीत येतात. कोल्हापूर परिसरातला रुग्ण मात्र पुष्कळदा आडवळणाने तिथे पोहोचतो. पाय दुखतो म्हणून आधी हाडांचा डॉक्टर, मग मालिशवाला, ‘शीर दबलीय’ हे निदान, आणि अंगठा काळा पडू लागल्यावर खरा आजार.

पायाची रोहिणी बुजत चालल्याची खूण तशी ठळक असते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटे नुसते उभे राहिले की जातो, पुन्हा तेवढेच चालले की हजर. मणक्याच्या दुखण्यात बहुधा उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. त्यामुळे डॉक्टरला ‘पाय लई दुखतोय’ एवढेच सांगण्यापेक्षा, ‘रंकाळ्यावर शालिनी पॅलेसपासून पदपथ उद्यानापर्यंत जाईस्तोवर दोनदा थांबावं लागतं, दिवाळीत एकदाच थांबत होतो’ असे सांगणारा रुग्ण निम्मे निदान स्वतःच करून आलेला असतो. रात्री पाऊल ठणकून झोपमोड होणे आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटणे ही पुढची पायरी. तिथे दिवस घालवू नयेत.

पहिली तपासणी साधी आहे. दंडाला व घोट्याला आळीपाळीने बीपीचा पट्टा बांधतात, पेनाएवढे डॉपलर यंत्र नाडीवर टेकवतात आणि रक्ताचा सपसप आवाज ऐकतात. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ७० आला, तर गुणोत्तर ०.५. ते ०.९ किंवा त्याखाली असले की रोहिणीत अडथळा धरतात. जुन्या मधुमेहींच्या रोहिण्या चुना साचून कडक होतात, म्हणून त्यांचा आकडा फसवा, वाजवीपेक्षा जास्त येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात.

शेजारच्या निपाणीचा तंबाखू आणि घरोघरची मिश्री पाहता या भागात बर्गरचा आजार विसरून चालत नाही. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. चाळिशीच्या आतबाहेरचे, बहुधा विडी-सिगारेट ओढणारे पुरुष, आणि बोटांच्या टोकांपासून बुजत येणाऱ्या बारीक वाहिन्या. वाहिन्याच इतक्या बारीक की बायपास (बुजलेल्या भागाला वळसा घालणारी पर्यायी वाहिनी) जोडायला पलीकडे धड जागा सापडत नाही. तंबाखू पूर्ण सोडणे हाच मुख्य उपचार. ‘कमी केलीय’ याला इथे किंमत नाही.

मधुमेहात अडचण दुहेरी होते. रक्त कमी पोहोचते आणि संवेदनाही जाते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चढणाऱ्या मधुमेहीला तापलेल्या दगडाचा चटका कळतच नाही, फोड घरी आल्यावर दिसतो. नवी कोल्हापुरी चावली तरी तेच. बधिर पावलाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे हा घरातल्या मंडळींचा प्रेमळ पण घातक उद्योग आहे.

पाय दुखतो म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असे नाही. गोळा येईपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे असा व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा, सुमारे १२ आठवडे केला की बहुतेकांचे चालण्याचे अंतर वाढते. जोडीला रक्त पातळ ठेवणारी गोळी व कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन. जखम भरत नसेल किंवा रात्रीचा ठणका असेल, तर फुग्याने वाहिनी रुंद करतात (चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये या पद्धतीचा पाया घातला) किंवा बायपास करतात. बायपाससाठी रुग्णाच्याच पायातली लांब नीला सर्वांत टिकाऊ. हृदयाच्या बायपाससाठी ती आधीच काढली असेल, तर सर्जनने विचारण्याची वाट न पाहता हे आपणहून सांगावे. अँजिओग्राफीत (वाहिनीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत) वापरल्या जाणाऱ्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट सोबत हवेत.

पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला आणि बोटे हलेनात, तर हिशेब तासांचा असतो. साधारण सहा तासांनंतर स्नायू वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. थॉमस फोगर्टी यांच्या १९६३ च्या फुगा-नळीने गुठळी ओढून काढता येते, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला हवा.

नीलांचे विकार वेगळे. इचलकरंजीच्या मागावर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या फुगलेल्या शिरा बहुधा पाय जाण्याइतक्या गंभीर नसतात. दाबमोजे, लेझर वा शस्त्रक्रियेने त्या आवरतात. एकच पाय एकाएकी सुजला, तर मात्र खोल नीलेत गुठळी असू शकते. तो पाय तेल लावून चोळू नये, गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या शासकीय किंवा योजनेतील खासगी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) दाखल होण्यापूर्वीच विचारावे; रेशनकार्ड व आधार जवळ ठेवावे.