कोल्ड वर्क टूल स्टील

खोलीच्या तापमानाला पत्रा कापायचे पंच आणि डाय, शिअर ब्लेड, थ्रेड रोलिंगचे रोल वगैरे ज्या स्टीलचे करतात ते हे. टूल स्टीलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (आयएसओ ४९५७) काम चालू असताना टूलच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आत राहत असेल तर ते स्टील या गटात, मग ते साधं कार्बन स्टील असो की अलॉय.

साध्या कार्बन स्टीलला पाणी पाजावं लागतं आणि त्यात जॉब (बनवायचा तुकडा) वाकतो किंवा तडकतो, म्हणून तेलात कडक होणारं ओ१ आणि हवेत होणारं ए२ हे ग्रेड आले. हवेत कडक होणारं स्टील रॉबर्ट मुशेट यांनी इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये आणलं, पण ते टंगस्टन-मँगनीजवालं आणि मुख्यतः लेथच्या टूलसाठी. १२ टक्के क्रोमियमच्या डी गटाचा जन्म नेमका कधीचा यावर एकमत नाही. नेहमी सांगतात ते असं, की पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टंगस्टन मिळेना म्हणून हाय स्पीड स्टीलला (वेगात कापताना तापूनही धार टिकवणाऱ्या स्टीलला) पर्याय म्हणून हे काढलं, टूल तापल्यावर धार टिकेना आणि मग ते डायच्या कामात स्थिरावलं. यातलं तापल्यावर मऊ पडणं पटतं, पण सगळं श्रेय टंचाईला देणं जरा जास्तच, कारण जास्त क्रोमियमच्या स्टीलवर काम आधीच चालू होतं, हॅरी ब्रिअर्लींचं शेफिल्डमधलं स्टेनलेस १९१३ चंच. युद्धाने वेग दिला एवढं म्हणणं बरं.

क्रोमियम जवळपास स्टेनलेसएवढंच, तरी डी गटातलं डी२ गंजतं, कारण त्यात कार्बन दीड टक्का आणि बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी जुळून कार्बाइडमध्ये, म्हणजे कडक कणांमध्ये, अडकतं. झीज सोसतात ती हीच कार्बाइड्स, आणि धारेचा टवका उडतो तोही बऱ्याचदा त्यांच्यामुळेच. रोलिंगमध्ये त्यांच्या रांगा पडतात, त्यामुळे हार्डनिंगनंतर बारच्या लांबीच्या दिशेने माप जास्त बदलतं आणि गोल बोअर किंचित लंबगोल होऊन बसतो.

खरी डोकेदुखी उरलेल्या ऑस्टेनाइटची, म्हणजे तापवल्यावर बनणाऱ्या आणि गार होताना पूर्ण न बदललेल्या मऊ रचनेची. डी२ साधारण १०२० अंशांवरून हवेत गार केलं आणि २०० ला टेम्पर केलं (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलं) की ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी कडकपणाच्या मापाच्या) आसपास मिळतं, पण थोडा ऑस्टेनाइट तसाच राहतो, तो पुढे कधीतरी मार्टेन्साइट (कडक रचना) होतो, फुगतो आणि पंच-डायमधला काही मायक्रॉनचा हिशोब बिघडतो. जास्त तापवलं तर तो वाढतो, म्हणजे कडकपणा वाढवायला गेलं आणि उलट कमी झाला. उपाय म्हणजे क्वेंचिंगनंतर (झटपट गार केल्यावर) सब-झीरो, म्हणजे शून्याखाली गार करणं, नाहीतर वरच्या तापमानावरून गार करून ५०० च्या वर दोनदा टेम्परिंग. वायर कट (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणं) करायचा ब्लॉक असेल तर दुसरा मार्ग बरा, २०० वर टेम्पर केलेल्या ब्लॉकमध्ये ताण राहतात आणि कापताना तडा जाऊ शकतो.

धक्के खाणाऱ्या कामाला कमी कार्बनचे एस गटाचे ग्रेड. पावडरपासून बनवलेल्या स्टीलमध्ये कार्बाइड बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतात, म्हणून ए११ या पावडरच्या ग्रेडमध्ये जवळपास १० टक्के व्हॅनेडियम असूनही ते वापरता येतं, ग्राइंडिंगला मात्र ते फार त्रास देतं.