पेट्रोल मोटार सुरू न होणे : दोषनिदान

किल्ली फिरवूनही किंवा स्टार्टचे बटण दाबूनही पेट्रोल इंजिन चालू होत नसेल, तर दोष नेमका कुठे आहे हे क्रमाने शोधण्याची पद्धत. इंजिन चालू होण्यासाठी ते पुरेशा वेगाने फिरावे लागते, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन (आतले मिश्रण दाबले जाणे) व्हावे लागते, पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिळावी लागते आणि स्पार्क वेळेवर पडावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न एकच : सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, मारल्यावर इंजिन फिरते की नाही? याचे उत्तर मिळण्याआधीच प्लग, पंप बदलत सुटणे हा खर्चिक मार्ग आहे, आणि दुर्दैवाने तोच जास्त चोखाळला जातो.

इंजिन फिरतच नसेल तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा. १२ व्होल्टची म्हटली जाणारी बॅटरी पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी उतरलेली. पण नुसता आकडा फसवतो. जुनी बॅटरी भार नसताना चांगला व्होल्टेज दाखवते आणि सेल्फचा भार पडताच कोसळते, म्हणून मीटर लावूनच सेल्फ मारून पाहावा, व्होल्टेज ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी उतरलेली तरी आहे किंवा संपलेली तरी. मीटर नसल्यास कान उपयोगी पडतात. ‘टक-टक-टक’ असा भरभर आवाज बहुधा बॅटरी डाऊन असल्याचा. एकदाच ‘टक्’ होऊन शांतता पसरली आणि हेडलाइटही मंदावले नाहीत, तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) किंवा सेल्फ मोटर तपासावी. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), क्लचखालचा स्विच पाहावा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे ना, हे आधी.

बॅटरी नवी असूनही सेल्फ जड फिरतो, तेव्हा दोष बहुतेकदा जोडणीत असतो. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पूड दिसते तरी. क्लॅम्पच्या आतल्या बाजूचा गंज दिसत नाही. क्लॅम्प हाताने हलला तर तो सैलच समजावा. अर्थची वायर (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी) तपासायची तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर करंट वाटेतच अडतो आहे.

१९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला. त्याआधी इंजिन हँडलने फिरवत, म्हणजे ‘फिरत नाही’ हा दोष चालकाच्या दंडाचा असे.

इंजिन जोमाने फिरते पण पकडत नाही, तेव्हा प्रश्न पेट्रोल आणि स्पार्कचा. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत इग्निशन ऑन करताच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला नाही तर आधी त्याचा फ्यूज व रिले पाहावा. सेल्फ मारून झाल्यावर प्लग काढून पाहिला की बरेच कळते : पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे पण जळत नाही, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही. प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी रीत टाळावी. स्पार्कसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलचा विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो आणि आसपास पेट्रोलची वाफ असते. त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो.

डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड होताच मुकाट चालू होते, असे असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा) संशयित. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर अनेक गाड्यांत हा संशय बळावतो. याउलट इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसुरात फिरत असेल तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) तुटून कॉम्प्रेशन गेले असण्याची शक्यता असते. तेव्हा सेल्फ मारणे थांबवावे.

पेट्रोलचा उग्र वास येत असल्यास इंजिन फ्लड झालेले, म्हणजे त्यात जादा पेट्रोल साचलेले असते. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि जादा पेट्रोल बाहेर पडते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मोटर तापते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करताना आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडतात. काळ्या केबलचे शेवटचे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या धातूला लावतात, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकू शकतो. धक्का-स्टार्ट फक्त हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांना लागू पडतो. पाण्यात बुडालेल्या गाडीला मात्र यातले काहीच करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून सिलिंडर रिकामे केल्याशिवाय अशा इंजिनाला सेल्फ लावत नाहीत.