क्रेप की टिश्यू? मुलांसोबत कागदी फुलं करण्याआधी

दुकानात जाऊन नुसतं "फुलांचा कागद द्या" म्हटलं की दुकानदार हाताला लागेल तो देतो. कधी क्रेप, कधी टिश्यू. दोन्ही पातळ, दोन्ही रंगीत, दोन्ही ताव घडी घालून ठेवलेले. घरी आल्यावर मोठ्यांच्या लक्षात येत नाही आणि मुलांचा तास वाया जातो. माझ्याकडून हे एकदा झालंय. गणपतीच्या आधी सोसायटीतल्या मुलांना जास्वंद शिकवायला बसले होते. "पाकळी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा," असं सांगितलं आणि समोर टिश्यू ठेवला होता. एकेक पाकळी टर्रकन फाटत गेली. दुसरीतला एक मुलगा हात मांडीखाली घालून बसला आणि म्हणाला, "मला नाही येत." त्याला येत होतं. कागद चुकीचा होता, आणि तो मी दिला होता.

क्रेप म्हणजे चुण्यांचा कागद. तो करताना ओलसर कागद गरम रुळावर चिकटवतात आणि पात्याने खरवडून सोडवतात. पातळ घावन तव्यावरून उलथन्याने घाईत सरकवलं तर गोळा होऊन त्याला चुण्या पडतात ना, तसंच. त्या चुण्यांमध्ये जास्तीचा कागद साठलेला असतो. ओढला की चुण्या उलगडतात, कागद लांबतो आणि बऱ्याच अंशी तसाच राहतो. म्हणून क्रेपच्या पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा देता येतो. टिश्यूत असं काही साठवलेलं नसतं. पतंगाच्या, पताकांच्या कागदाचा तो मऊ भाऊ. ताणला की फाटणारच. पण तो इतका हलका असतो की आठ-दहा थर एकावर एक ठेवले तरी फूल जड होत नाही, आणि प्रत्येक थर आपापल्या जागी उभा राहतो.

ओळखायचं कसं? कोपरा दोन्ही हातांत धरून चुण्यांना आडवा ओढा. लांबला तर क्रेप. चुण्याच दिसत नसतील तर ओढूही नका, तो टिश्यू आहे.

क्रेपला दिशा असते, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. पाकळी कापताना चुण्या देठापासून टोकाकडे उभ्या जायला हव्यात. मग मधोमध अंगठे ठेवून बाजूंना ओढलं की पोट येतं आणि वरची कड ओढली की ती लाटेसारखी वळते. चुण्या आडव्या आल्या तर पाकळी नुसती उंच होते, खोल होत नाही. मुलांना मी सांगते, "पावसाच्या रेघा वरून खाली." एवढं एक वाक्य पुरतं.

जास्वंदीला लाल क्रेपच्या पाच पाकळ्या लागतात. खऱ्या जास्वंदीलाही पाचच असतात, मुलांना कुंपणावरचं फूल दाखवून मोजायला लावा. मधला लांब दांडा लाल क्रेप घट्ट गुंडाळून करायचा, त्याच्या टोकाला गोंद लावून हळदीत घोळवलेल्या रव्यात बुडवायचा. परागकण तयार. पाकळ्या एकीवर एक थोडी चढवत दांड्याभोवती लावायच्या आणि खाली दोरा आवळायचा. आवळताना एक हात मोठ्यांचा हवा. साधारण सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना हे जमतं. फेविकॉल मात्र थेंबभरच, कारण ओल लागली की क्रेपच्या चुण्या बसतात आणि रंग सुटतो. लाल क्रेप तर बोटांवर, चौरंगावर, पांढऱ्या वस्त्रावर सगळीकडे उतरतो.

टिश्यूचा झेंडू त्याहून लहानांसाठी, अगदी बालवाडीतल्यांसाठीसुद्धा. वीतभर चौकोनाचे आठ थर, पिवळे आणि केशरी मिसळून. त्याच्या पंख्यासारख्या दोन बोटं रुंद घड्या घालायच्या, मधोमध दोरा बांधायचा, दोन्ही टोकं कात्रीने गोलसर कापायची. मग एकेक थर मधल्या गाठीकडे उचलत जायचं. इथे गोंदाचं कामच नाही. खरं तर टिश्यूला गोंद लावूच नये. पातळ असला तर आरपार जातो, कांडीचा असला तर कागद ओढून फाडतो. शेवटचे थर सुटे करताना मुलं श्वास रोखून बसतात, तेव्हा घाई करू देऊ नका आणि त्यांच्या हातातून फूल घेऊही नका. एखादा थर फाटला तरी झेंडूत तो दिसत नाही, आणि लहान मुलांना हीच मोकळीक हवी असते.

कात्रीचाही फरक आहे. मुलांची बोथट कात्री क्रेपवर चालते, टिश्यूचा सुटा थर मात्र ती चावते. म्हणून टिश्यू घडी घातल्यावरच कापायचा.

महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरासाठी कागदाकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कागद म्हणजे कागदच. क्रेप असो की टिश्यू, समई आणि निरांजनापासून ही फुलं हातभर तरी लांब बांधा, आणि माळ वाऱ्याने ज्योतीकडे झुलणार नाही हे बघा.

विसर्जनानंतर झेंडू पिशवीत चेपले गेले तरी चालतील, पुढच्या वर्षी थर पुन्हा उचलून फुलवता येतात. जास्वंदीचं तसं नाही. एकदा ताणलेली पाकळी दबून सपाट झाली की तिला पुन्हा पोट आणणं कठीण, म्हणून ती मिठाईच्या रिकाम्या खोक्यात, एका थरातच ठेवायची.