वाइनमध्ये प्रदेश उतरतो कसा

जर्मनीत मोझेल नदीकाठचे द्राक्षमळे इतक्या चढावर आहेत की तिथली बरीचशी कामं आजही हातानंच करावी लागतात. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट टेकडीचा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांच्या घरात जातो. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाच्या काळसर चिपा. इथल्या रीसलिंग द्राक्षांची वाइन चाखताना हमखास ऐकू येतं, ‘यात त्या दगडाची चव आहे.’ बाटलीवरच्या मजकुरातही तेच असतं. भूगर्भशास्त्र मात्र या म्हणण्याला दुजोरा देत नाही.

वेल मुळांवाटे दगड शोषत नाही. पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम तेवढं ती घेते. वाइनमध्ये त्यांचं प्रमाण इतकं कमी असतं की जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. वासाचं म्हणाल तर दगडाला स्वतःचा वास नसतो, कारण वास यायचा तर पदार्थाचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचायला हवेत. वेल्समधले भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स माल्टमन वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत. त्यात आणखी एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्झेरा या किडीनं युरोपातले मळे उद्ध्वस्त केले. तेव्हापासून तिथल्या बहुतेक वेली अमेरिकी जातींच्या खुंटांवर कलम केलेल्या असतात. म्हणजे मातीत रुजलेलं मूळ एका जातीचं आणि वर लगडलेला घड दुसऱ्या जातीचा.

तरीही मोझेलची रीसलिंग जाणकाराला ओळखू येते, आणि यात भोंदूपणा काहीच नाही. हे मळे ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणजे द्राक्ष जेमतेम पिकेल अशा थंडीत. दक्षिणेकडे तोंड केलेल्या चढावर ऊन जास्त सरळ पडतं. काळा दगड दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती ऊब वेलींना परत देतो. दगड तिथं मसाल्याचं काम करत नाही, शेगडीचं करतो. प्रादेशिक वाइनकडे असं पाहिलं की कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. पेल्यात येते ती माती नव्हे. येतं ते तिथलं ऊन, तिथली रात्र आणि मुळांपाशी टिकलेलं किंवा न टिकलेलं पाणी.

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक आम्ल उन्हाळ्यातही बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक आम्ल मात्र द्राक्ष श्वसनात खर्ची घालतं, आणि गरमी जितकी जास्त तितका हा खर्च मोठा. म्हणून उष्ण प्रदेशातली वाइन मवाळ लागते आणि थंड प्रदेशातली जिभेच्या कडेनं लाळ सुटेल इतकी आंबट. साखरेचं उलट आहे. ऊन वाढलं की द्राक्षात साखर वाढते, आणि लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून यीस्ट १ टक्का अल्कोहोल तयार करतं. लेबलवरचा ११ किंवा १५ हा आकडा त्यामुळे बरंच काही बोलून जातो. फक्त मोझेलची ८ टक्क्यांची बाटली हातात आली तर जपून अर्थ लावावा, कारण तिथं बरीच साखर मुद्दाम न आंबवता ठेवलेली असते.

उंचीही या हिशेबात धरावी लागते. दर १०० मीटर चढलं की तापमान सुमारे ०.६ अंशानं उतरतं. अर्जेंटिनातला मेंदोसा प्रांत अक्षांशानं उष्ण आणि पावसानं जवळपास वाळवंट, तिथं अँडीजच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी आणून वेली जगवतात. तिथले मळे हजार मीटर आणि त्याहूनही उंचावर गेल्यामुळे दिवसा प्रखर ऊन आणि रात्री गारवा असं दोन्ही मिळतं. मालबेक द्राक्ष तिथं भरपूर पिकूनही ताजेपणा राखतं, याचं श्रेय मोठ्या प्रमाणात त्या रात्रींना जातं.

आता एक वास घेऊ. काही वाइनला ताज्या कुटलेल्या काळ्या मिऱ्याचा वास येतो, विशेषतः सीरा म्हणजेच शिराझ द्राक्षांच्या. बरीच वर्षं ही वर्णनाची एक पद्धत आहे असंच लोक समजत. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचा रेणू पकडला. त्याचं नाव रोटंडोन, आणि काळ्या मिऱ्यालाही वास देणारा तोच. लाल वाइनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या सोळा पट एवढा असला तरी नाकाला कळतो. हा रेणू द्राक्षाच्या सालीत साठतो, आणि थंड जागी, थंड वर्षी जास्त साठतो. एकाच मळ्यात सावलीतल्या घडात तो जास्त, उन्हातल्या घडात कमी असाही फरक मोजला गेला आहे. प्रदेश वाइनमध्ये उतरतो याचा याहून नेमका पुरावा मला माहीत नाही. गंमत अशी की सुमारे २० टक्के माणसांना हा वास अजिबात येत नाही. एकाच टेबलावर एक जण ‘मिरी, मिरी’ म्हणत असेल आणि शेजारचा गोंधळला असेल, तर दोघंही खरंच सांगत असतात.

सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तो मेथॉक्सिपायराझिन गटातल्या रेणूंमुळे. द्राक्ष पिकताना आणि घडांवर ऊन पडताना ते कमी होत जातात. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातली वाइन या हिरव्या वासावरून चटकन कळते.

हे सगळं वाचून पटेलच असं नाही, चाखून पटतं. आणि चाखायची रीत चुकली तर चाखूनही पटत नाही. माझा आग्रह असा की एकटी बाटली चाखून प्रदेश शिकता येत नाही. द्राक्ष एकच, तोडणीचं वर्ष शक्यतो एकच, जागा मात्र दोन, असे दोन पेले शेजारी ठेवावेत. फ्रान्समधल्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली सीरा आणि ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यातली शिराझ, ही जोडी नवशिक्यालाही फरक दाखवते. पहिलीत मिरी आणि आंबटपणा, दुसरीत पिकल्या फळाचा गोडसर भरदारपणा आणि अल्कोहोलची ऊब. दोन्ही पेले सारखे आणि तापमानही सारखं हवं. लाल वाइन फार गार असली तर तुरटपणा टोचतो, फार कोमट असली तर आधी अल्कोहोलच नाकात शिरतं.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर तीन पेल्यांची चाचणी करावी. दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि ओतणारा माणूस वेगळा. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानं तीनदा एकदा बरोबर येतं, म्हणून एका यशावर हुरळून जाऊ नये. डोळ्यांवरही विसंबू नये. २००१ साली फ्रान्समध्ये बोर्डोच्या संशोधकांनी वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण वास नसलेला लाल रंग घालून. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन करताना लाल वाइनसाठीचेच शब्द वापरले. यावरून तज्ज्ञांची टिंगल करायची प्रथा पडली आहे, ती मला रास्त वाटत नाही. मेंदू वास आणि रंग वेगवेगळे हाताळत नाही, एवढंच त्यातून दिसतं. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, आंबट-गोड तेवढं कळेल. घोट तोंडात असतानाच नाक सोडा, की फळं, मिरी, ओकच्या पिंपातून आलेला व्हॅनिला, सगळं घशामागून नाकात उलगडतं.

सोबत काय खावं याबद्दल नियमांची जंत्री पाठ करण्यापेक्षा तीन-चार अभिक्रिया समजून घ्याव्यात. तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे. लाल वाइनमधली टॅनिनं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारी तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचं वंगण कमी होतं आणि जीभ खरबरीत लागते. स्निग्ध पदार्थ किंवा मांस तोंडात असेल तर टॅनिनं त्यालाही चिकटतात आणि जिभेची सुटका होते. मीठ कडवटपणा दाबतं, म्हणून खारट चीजबरोबर कडक वाइनही मऊ लागते. गोड पदार्थ खाल्ल्यावर जीभ गोडाला सरावते आणि त्यानंतरची वाइन आंबटढाण लागते, तेव्हा वाइन पदार्थाहून गोड असलेली बरी. तिखटाचं गणित सरळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या उष्णतेच्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही हळवं करतं. जळजळीत पदार्थाबरोबर १५ टक्क्यांची लाल वाइन म्हणजे आगीत तेल. कमी अल्कोहोलची, किंचित गोड पांढरी वाइन अशा वेळी निभावून नेते.

माशाबरोबर लाल वाइन का जमत नाही, याचा शोध २००९ साली जपानी संशोधकांनी घेतला. दोष टॅनिनचा असेल असा समज होता, निघाला लोहाचा. वाइनमधलं लोह सागरी अन्नातल्या चरबीशी भिडलं की माशाचा उग्र वास मागे रेंगाळतो. लोह कमी असलेली लाल वाइन माशाबरोबर खुशाल चालते. ‘जिथली वाइन, तिथलंच जेवण’ हा सल्ला मला निम्मा पटतो. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या मुखाजवळची मस्कादे ही पांढरी वाइन आणि तिथलीच कालवं, ही जोडी सुरेख जुळते, पण ती जुळते वाइन आंबट आणि टॅनिनविरहित असल्यामुळे. तशीच वाइन दुसऱ्या खंडातली असली तरी कालवांचं काही अडणार नाही.

प्रत्यक्ष प्रदेश पाहायचा तर माझं मत फ्रान्समधल्या बर्गंडीच्या बाजूनं. दिजों शहरातून बोन गावाच्या दिशेनं दक्षिणेकडे निघालं की उजव्या हाताला चुनखडीच्या टेकडीचा लांबच लांब उतार लागतो. लाल वाइनसाठी जवळपास सगळीकडे पिनो न्वार हेच द्राक्ष. रस्त्याच्या डावीकडच्या सपाट जमिनीतली वाइन बहुतांशी साध्या ‘बूर्गोन्य’ नावानं विकली जाते. उजवीकडे गावांच्या नावाची, आणि चढाच्या मध्यावर सर्वांत मानाची. रोमाने-कोंती हा जगप्रसिद्ध मळा तिथंच, जेमतेम १.८ हेक्टरांचा. गाडी उभी करून मळ्यांमधल्या पाऊलवाटेनं वर चालत गेलं की कारण पायांना कळतं. खाली माती जड आणि ओलसर, थंड हवाही तिथंच साचते, म्हणून वसंतात कोवळ्या फुटींना हिमदाहाचा धोका. अगदी माथ्यावर मातीचा थर पातळ आणि वारा फार. मधल्या पट्ट्यात पाणी निथळतं पण तुटत नाही. पाण्याची थोडी ओढ बसली की वेल फांद्या वाढवणं थांबवते, मणी लहान राहतात, आणि रंग व टॅनिन देणारी साल रसाच्या मानानं जास्त भरते. बोर्डोजवळच्या मेडॉक भागातल्या गोटाळ जमिनीबद्दल संशोधक जेरार सेगँ यांनी हेच दाखवलं होतं. मातीचं महत्त्व आहे ते मुख्यतः ती पाणी कसं देते यात. मठवासी साधूंनी आणि शेतकऱ्यांनी शतकानुशतकं बर्गंडीतल्या मळ्यांचे हे तुकडे वेगळे राखले. त्यातल्या १,२४७ तुकड्यांचा हा प्रदेश २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

अशा वाटेवर गाडी चालवणाऱ्यानं घोट थुंकून टाकावा. चाखण्याच्या जागी त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं आणि त्यात अपमान कोणाचाच नाही. १३.५ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १६ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅम निपटतं. म्हणजे एका पेल्याला दोन तास. थुंकूनही थोडं पोटात जातंच, म्हणून त्या दिवशी अजिबात न चाखणारा चालक असला तर सर्वांत उत्तम. आणि कमी प्यालं म्हणजे सुरक्षित असंही नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली तसं स्पष्ट सांगितलं आहे.

या सगळ्याची निकड वाटावी असं एक कारण आहे. बोनमध्ये द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून मिळते. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू होत असे, १९८८ पासून २०१८ पर्यंत ती सरासरी १३ दिवस आधी आली. आम्ल, साखर, मिरी, हिरवा वास, सगळं तापमानावर बेतलेलं असताना तेरा दिवस म्हणजे थोडेथोडके नव्हेत. बोर्डोनं २०२१ साली वाढत्या उष्णतेला तोंड देण्यासाठी सहा नव्या जातींना मर्यादित परवानगी दिली. त्यांत तूरिगा नासिओनाल ही मूळची पोर्तुगालची. जुन्या सालातली चांगली ठेवलेली बाटली मिळाली, तर त्याच मळ्याच्या अलीकडच्या बाटलीशेजारी ती उघडावी. मुरल्यामुळे आलेला फरक बाजूला ठेवायला थोडा सराव लागतो. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा मात्र मुरण्यानं बदलत नाही, तुलना तिथून सुरू करावी.