सोलापूरच्या नागरी सूचनांची पार्श्वभूमी: गावभाग, हद्दवाढ आणि २०१५ ची सीमारेषा

शहर सुधारण्यासाठी काय करावे, असे सोलापूरकरांना विचारले की येणाऱ्या सूचनांचे साधारणपणे दोन गट पडतात. एका गटात सिद्धेश्वर तलावाचे पाणी, होम मैदानाचा वापर, पार्क चौकातील पार्किंग आणि नवी पेठेतील फूटपाथ हे विषय असतात. दुसऱ्या गटात शेळगी, मजरेवाडी, बाळे किंवा जुळे सोलापूर येथील ड्रेनेज, अंतर्गत रस्ते, पथदिवे आणि मुलांना खेळण्यापुरते तरी एखादे मैदान. पहिला गट असलेल्या जागा नीट करा असे म्हणतो, तर दुसऱ्याला मुळात जागाच हवी आहे. हा फरक कसा निर्माण झाला, ते समजल्याशिवाय या सूचनांचा अर्थ लागत नाही.

नगरपालिका १८५२ ची, पाण्यासाठीचा एकरूख तलाव १८७१ चा, महापालिका १९६४ ची. दरम्यान गिरण्यांनी शहराची वस्ती वाढवली आणि पुढे त्या बंदही पडल्या. या दीर्घ काळात शहराला मिळालेल्या महत्त्वाच्या सार्वजनिक जागा, म्हणजे भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, होम मैदान आणि पार्क मैदान, एकमेकींना जवळजवळ खेटून आहेत. शहर लहान होते तोवर ते सोयीचे होते.

१९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर १७८.५७ चौरस किलोमीटरचे झाले. शेळगी, मजरेवाडी, बाळे यांसारखी आजूबाजूची गावे महापालिकेत आली, पण त्यांच्या शिवारातील जमिनी नियोजनाने आल्या नाहीत. ले-आउट मंजूर करून घेतला असता तर मोठ्या भूखंडात दहा टक्के खुली जागा सोडावी लागली असती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते विकले गेले, आणि रस्ता म्हणजे विकणाऱ्याने बोट करून दाखवलेली पट्टी. अशा गल्लीत घंटागाडी शिरली तर तिला उलटी बाहेर यावे लागते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ही घरे नियमित करण्याची वाट मोकळी केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. मालकी सुरक्षित झाली हे चांगलेच झाले, परंतु कधी सोडलीच नव्हती ती खुली जागा कायद्याने उगवत नाही. या वसाहतींतून येणारी उद्यानाची मागणी म्हणूनच महाग ठरते, कारण तीत आधी जमीन संपादनाचा खर्च येतो.

या पार्श्वभूमीवर जून २०१५ मध्ये केंद्राची स्मार्ट सिटी योजना आली. प्रस्ताव तयार करताना नागरिकांकडून सूचना मागवण्यात आल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले. केंद्राकडून पाच वर्षांत सुमारे ५०० कोटी रुपये आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेने मिळून उचलायचा, असे सूत्र होते. मात्र यातील मोठा हिस्सा 'क्षेत्राधारित विकास' या शीर्षाखाली एका ठरावीक भागातच खर्च करायचा होता. तो भाग म्हणून किल्ला, तलाव आणि त्याभोवतालची जुनी पेठवस्ती निवडली गेली. सोलापुरातील नागरी सुविधांविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या निवडीत आहे.

निवडीच्या बाजूने सांगितले जाते की स्पर्धेत टिकायचे तर दाखवण्याजोगा वारसा असलेला, दाट वस्तीचा आणि साऱ्या शहराचा वावर असलेला भाग घेणे भाग होते. हद्दवाढ भागातला माणूसही खरेदीला नवी पेठेत आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेला, होम मैदानावर येतोच. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. अस्तित्वातील वस्तीत सुधारणा करायची असेल तर किमान ५०० एकर क्षेत्र घ्यावे, एवढाच निकष होता. ते गावभागातच, म्हणजे जुन्या शहरातच, असावे असे कुठेही म्हटलेले नव्हते. शहराचे एकूण क्षेत्र सुमारे ४४ हजार एकर आहे. किमान मर्यादेच्या दुप्पट भाग घेतला तरी तो शहराचा चव्वेचाळिसावा हिस्सा होतो, आणि घरपट्टी मात्र सगळीकडून वसूल होते. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात चौक सुशोभित करण्याचा क्रम कोणी लावला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. उजनी धरणाहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीसाठी पुढे याच योजनेतील आणि शेजारच्या औष्णिक वीजप्रकल्पाकडून आलेला पैसा वापरण्याचे ठरले, परंतु ते काम रेंगाळत राहिले आणि रंगभवनचा चौक आधी नटला.

झालेली कामे वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. महापालिकेच्या इंद्रभुवन या जुन्या वास्तूचे जतन झाले; नूतनीकरणानंतर पार्क मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये रणजी सामनाही खेळला गेला. होम मैदानाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गड्ड्याच्या काळात धूळ उडू नये म्हणून मॅट अंथरावी का आणि आपत्कालीन रस्ता कोठून सोडावा, यावरून प्रशासन आणि यात्रा भरवणारे सिद्धेश्वर देवस्थान यांच्यात आधीच खटके उडाले होते. पाळण्यांसाठी खड्डे खणावे लागतात, स्टॉलसाठी खांब रोवावे लागतात; वर्षभर चालायला येणाऱ्यांना हवी असलेली हिरवळ आणि ट्रॅक या गरजेशी सहज जुळत नाहीत. मैदान कोणासाठी, हे आधी ठरवून मग आराखडा काढायला हवा होता.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. या काळात प्रभागातील सूचना सभागृहात मांडणारा नगरसेवक नव्हता. अर्ज आवक-जावक विभागात नोंदवायचा आणि पोच जपून ठेवायची, एवढेच नागरिकांच्या हाती होते. मार्च २०२५ अखेर स्मार्ट सिटी योजनाही बंद झाली. तिने उभारलेल्या कामांची देखभाल आता महापालिकेच्या अंदाजपत्रकातून करावी लागणार असून हद्दवाढ भागातील ड्रेनेज आणि मैदानांच्या मागण्याही त्याच तिजोरीकडे पाहत आहेत.